एक गिटार, दोन आवाज

वाद्यवृंदातील गिटारवादकाला एका गाण्यात अनेकदा दोन भूमिका वठवाव्या लागतात. मुखड्याला अकूस्टिक गिटारची खळाळती साथ हवी असते, तर अंतऱ्यापूर्वीच्या संगीतात इलेक्ट्रिक गिटारचा लांबत जाणारा धारदार सूर. मधल्या चार-सहा सेकंदांत एक वाद्य उतरवून दुसरे गळ्यात अडकवणे म्हणजे तारेवरचीच कसरत! साहजिकच दोन्ही आवाज देणारी एकच गिटार असावी, ही इच्छा जुनी आहे. आज अशा गिटारी बाजारात आहेत. मात्र त्या घेऊनही अनेकांचा अपेक्षाभंग होतो. त्याचे कारण बहुधा वाद्यात नसते, तर हे दोन आवाज मुळात कसे जन्मतात याविषयीच्या अज्ञानात असते.

अकूस्टिक गिटारमध्ये तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीवाटे खालच्या पातळ लाकडी तबलीत उतरते. तबली आणि पोकळ पेटीतील हवा थरथरू लागते आणि आवाज मोठा होतो. मिरजेच्या तंबोऱ्यात तबली आणि भोपळा जे काम करतात, तेच येथे ही पेटी करते. म्हणजे कानावर पडतो तो तारेचा नव्हे, तर लाकडाने आपला रंग चढवलेला आवाज असतो.

इलेक्ट्रिक गिटारचा मार्ग निराळा आहे. तिच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार त्यावर हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. या पिकअपला लाकडाशी फारसे कर्तव्य नसते. तो थेट तारेची हालचाल टिपतो. म्हणूनच बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींचे अंग भरीव असते.

एकाच वाद्यातून दोन्ही आवाज मिळवण्याचा एक गाजलेला जुना प्रयत्न गिब्सन कंपनीच्या 'जे-१६०ई' या १९५४ मधील गिटारचा. अकूस्टिक गिटारच्या तबलीत मानेजवळ चुंबकीय पिकअप बसवलेले हे वाद्य पुढे बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हाती दिसले. परंतु वायर जोडताच तिचा आवाज इलेक्ट्रिक गिटारच्याच वळणावर जाई. चुंबकाला लाकूड 'ऐकू' येत नाही, ही मर्यादा यातून स्पष्ट होते.

ती ओलांडण्यास पिझोइलेक्ट्रिक परिणाम उपयोगी पडला. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युतदाब निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधले होते. तारा ज्या पट्टीवर टेकतात, त्या सॅडलखाली असा संवेदक ठेवला की तारेचा प्रत्येक हेलकावा तिथे दाबाच्या रूपाने नोंदला जातो. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामान यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या ओव्हेशन कंपनीने ही पद्धत रंगमंचावर लोकप्रिय केली. पुढे केन पार्कर आणि लॅरी फिशमन यांच्या 'पार्कर फ्लाय' या १९९३ मधील गिटारने हलक्याफुलक्या इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीतच पिझो बसवले. चुंबकीय आणि पिझो असे दोन्ही संकेत एकाच वाद्यातून, हवे तर एकाच वेळी, मिळू लागले.

त्यानंतरच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. टेलर कंपनीच्या २००५ मधील 'टी-५' गिटारमध्ये पोकळ अंगाच्या तबलीचे कंपन टिपणारा संवेदक आणि चुंबकीय पिकअप यांची जोड आहे. फेंडरच्या २०१९ मधील 'अमेरिकन अकूस्टासॉनिक टेलिकास्टर'मध्ये पिझो, अंगावरील संवेदक आणि चुंबकीय पिकअप असे तिन्ही एकत्र आले. निरनिराळ्या लाकडांच्या व आकारांच्या गिटारींचा भास त्यात डिजिटल प्रक्रियेने निर्माण केला जातो.

तरीही पिझोचा आवाज थोडा कोरडा, प्लास्टिकसारखा का वाटतो? कारण तो घोडीवरचा दाब मोजतो. पेटीतून बाहेर पडणारी हवा त्याच्या वाट्याला येतच नाही. नखीचा आघात त्यात जसाच्या तसा उमटतो, लाकडाची ऊब मात्र हरवते. यावर आज प्रभावी उपाय आहे. खऱ्या अकूस्टिक गिटारचा मायक्रोफोनने टिपलेला प्रतिसाद डिजिटल पेडलमध्ये साठवून तो पिझोच्या संकेतावर चढवला जातो. त्यामुळे फरक बराच कमी होतो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे आवाजाचा पुढचा प्रवास. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने गाळून टाकतो. विकृत, म्हणजेच 'डिस्टॉर्शन' दिलेल्या आवाजाला हाच गाळ गोडवा देतो. अकूस्टिक आवाजाची चमक मात्र नेमकी त्या वरच्या पट्ट्यात असते. पिझोचा संकेत याच ॲम्प्लिफायरला दिला तर तो मंद व कोंदट ऐकू येतो. डिस्टॉर्शनमधून नेला तर कर्कश होऊन शिट्टी घालतो. म्हणून चुंबकीय संकेत पेडल आणि गिटार ॲम्प्लिफायरकडे, तर पिझोचा संकेत डीआय बॉक्समार्गे थेट सभागृहाच्या मिक्सरकडे पाठवणे श्रेयस्कर. अनेक संकरित गिटारींना यासाठी दोन स्वतंत्र किंवा एक स्टिरिओ आउटपुट असते. दोन्ही संकेत एकत्र केल्यावर खर्ज अचानक पातळ झाला, तर एकाचा फेज उलटा करून पाहावा.

तारांचाही प्रश्न आहेच. अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ वेढ्यांच्या तारांत चुंबकाला फक्त आतील पोलादी गाभा जाणवतो. त्यामुळे वेढे असलेल्या जाड तारा दबक्या आणि साध्या पातळ तारा मोठ्या ऐकू येतात. निकेल वेढ्यांच्या तारा चुंबकाला मानवतात, पण त्यांत अकूस्टिकची झळाळी कमी असते. इथे तडजोड अटळ आहे.

तेव्हा खरेदीपूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. वायर न जोडता घरी बसून वाजवण्यात जास्त वेळ जाणार असेल, तर भरीव किंवा अर्धपोकळ संकरित गिटार निराशा करील. साधी अकूस्टिकच बरी. रंगमंचावर क्षणार्धात आवाज बदलण्याची गरज असेल, तर मात्र संकरित गिटारला पर्याय नाही. दुसरा प्रश्न ध्वनिव्यवस्थेचा. दोन वाटा उपलब्ध नसतील, तर महागड्या गिटारचा अर्धा गुण वाया जातो. हातची इलेक्ट्रिक गिटार चांगली असल्यास तिच्या घोडीत पिझो सॅडल बसवून घेणे, हा कमी खर्चाचा मार्गही आहे.

शेवटी, एका वाद्यात दोन गिटारी मावत नाहीत. मावतात ते एकाच तारेचे कंपन ऐकणारे दोन वेगळे कान. त्या दोघांचे म्हणणे वेगवेगळ्या वाटेने श्रोत्यांपर्यंत पोहोचवले, तरच एका गिटारचे दोन आवाज खऱ्या अर्थाने ऐकू येतात.