राजा रविवर्मा यांच्या 'शंतनू आणि गंगा' या चित्रातील जलदेवता : एक आकलन

प्रास्ताविक :

पाण्यात वास करणारी स्त्रीरूपी शक्ती ही कल्पना भारतीय परंपरेत अतिशय प्राचीन आहे. 'अप्सरा' या शब्दातच 'अप्' म्हणजे पाणी आणि 'सृ' म्हणजे सरकणे हे दोन्ही घटक सामावलेले आहेत. मराठी लोकभाषेत याच शब्दाचे 'आसरा' असे रूप झाले आणि ते विहिरीच्या काठी स्थिरावले. बोरी-भीमेच्या खोऱ्यातील अक्कलकोटच्या अभ्यासकाला 'साती आसरा' म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शेंदूर लावलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, खण आणि दहीभाताचा नैवेद्य एवढ्यावर ही पूजा भागते. या देवतांना चेहरा नसतो. आधुनिक काळात जलदेवतेला चेहरा व देह देण्याचे कार्य ज्या चित्रकाराने केले, त्याच्या एका कलाकृतीचा विचार येथे केला आहे.

चित्र आणि त्याचा विषय :

राजा रविवर्मा (1848-1906) यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांनी पौराणिक विषयांवरील 14 चित्रांचे काम दिले. 1890 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मालिकेत 'शंतनू आणि गंगा' हे चित्र आहे. विषय महाभारताच्या आदिपर्वातील आहे. आपण काहीही केले तरी राजाने विचारू नये, अडवू नये, या अटीवर गंगा शंतनूची पत्नी होते. जन्मलेली सात अर्भके ती एकामागून एक प्रवाहात सोडते. राजा मौन पाळतो. आठव्या वेळी त्याच्या तोंडून शब्द निघतो. अट मोडते, मूल वाचते आणि गंगा निघून जाते. ते मूल म्हणजे देवव्रत, पुढे भीष्म. रविवर्मांनी नेमका हाच क्षण निवडला आहे : मूल हाती घेतलेली गंगा आणि तिला अडवू पाहणारा व्याकूळ राजा.

अटीवर केलेला विवाह हे जलदेवतांच्या कथांचे सार्वत्रिक लक्षण दिसते. उर्वशीनेही पुरूरव्याला अट घातली होती आणि ती मोडताच ती अदृश्य झाली. शतपथ ब्राह्मणात ती पुन्हा भेटते ती सरोवरातील जलपक्ष्याच्या रूपात. जर्मन लेखक फुके याच्या 1811 मधील 'उंडीन' या कथेत जलकन्या पतीला बजावते की, पाण्याच्या सान्निध्यात मला रागावू नकोस. तो नेमके तेच करतो आणि ती डॅन्यूब नदीत विलीन होते. युरोपातील स्वच्छंदतावादी (रोमँटिक) साहित्य व चित्रकलेने या विषयाला फार जवळ केले. इंग्रज चित्रकार वॉटरहाऊस याच्या 1896 मधील 'हायलस आणि जलपऱ्या' या चित्रात कमळांच्या तळ्यातून तरुणाला ओढून नेणाऱ्या पऱ्यांची संख्याही सातच आहे. हा योगायोग असला तरी मराठी वाचकाला तो थबकवतो.

मात्र दोन्ही चित्रांतील भेद महत्त्वाचा आहे. वॉटरहाऊसच्या चित्रात पुरुष पाण्याकडे खेचला जातो. मोह हाच तेथील विषय आहे. रविवर्मांच्या चित्रात मोहाचे दिवस सरले आहेत. गंगा ही पत्नी आणि माता आहे, आणि प्रश्न मुलाच्या जिवाचा आहे.

वास्तववादाची किंमत :

मूळ कथेत गंगेचे कृत्य क्रूर नाही. वसिष्ठांच्या शापामुळे मनुष्यजन्म घ्यावा लागलेल्या आठ वसूंना जन्मताच मुक्त करण्याचे वचन तिने दिले होते. ती ते पाळते. पण हा पूर्ववृत्तान्त तैलरंगात कसा दाखवणार? पाश्चात्त्य पद्धतीच्या छायाप्रकाशाने नदीला हाडामांसाच्या स्त्रीचे रूप दिले की, पाहणाऱ्याला मूल बुडवणारी आई तेवढी दिसते. सहानुभूती आपसूक राजाकडे जाते. चित्रकार शंतनूच्या बाजूने बोलतो, असे म्हणावे लागते. वर्गात हे चित्र दाखवताना 'निर्दय माता' असा शेरा विद्यार्थ्यांकडून आल्यास त्याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही.

बिनचेहऱ्याच्या आसरांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. त्या मुले ओढून नेतात अशी भीती लोकमानसात आहे आणि त्याच आसरांच्या पूजेसाठी बाळंतीण विहिरीवर जाते. नेणारी आणि राखणारी शक्ती एकच, हे त्या सात दगडांना न बोलता साधते. रविवर्मांच्या कौशल्याला ते साधले नाही. त्यांचे यश दुसरीकडे आहे : मौन आणि शब्द यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या पतीची वेदना त्यांच्याआधी इतक्या प्रत्ययकारीपणे कोणी रंगवली नव्हती.

प्रसार :

बडोद्याच्या राजवाड्यातील चित्रे मोजक्यांनी पाहिली असती. परंतु 1894 साली रविवर्मांनी मुंबईत शिळाप्रेस सुरू केला आणि मेनका, गंगावतरण अशा विषयांची रंगीत चित्रे सामान्यांच्या भिंतींवर पोहोचली. पुढे हा छापखाना लोणावळ्यानजीक मालवली येथे हलला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. मालवली हे कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरातील गाव. याच मावळात 'मावलाया' नावाच्या, नेहमी अनेकवचनातच उल्लेखल्या जाणाऱ्या जलदेवता पूजल्या जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 मधील 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात त्यांची नोंद घेतली असून कार्ल्याच्या शिलालेखातील 'मामल' या प्रदेशनामाशी त्यांचा संबंध जोडला आहे. अप्सरांचे देखणे चेहरे हजारोंच्या संख्येने छापून बाहेर पडत होते ते या बिनचेहऱ्याच्या मावलायांच्या मुलखातून.