चंद्रभागेतल्या होडीचा जुना तळ

पंढरपूरच्या होडीला एका वर्षात दोन टोकांचे हवामान सोसावे लागते. भीमा इथे चंद्रभागा होते. उन्हाळ्यात तिचे पात्र आटते, वाळवंट उघडे पडते आणि होड्या काठावर तापत राहतात. पावसाळ्यात उजनी आणि नीरेवरच्या वीर धरणातून विसर्ग वाढला, की जुना दगडी पूलही पाण्याखाली जातो. महादेव कोळी समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे होड्या चालवतात. वारकऱ्यांना पलीकडे न्यायचे, मार्गशीर्षात विष्णुपदाला सोडायचे, हे काम त्यांचे. होडीची डागडुजीही बहुधा काठावर किंवा घरच्या अंगणातच होते. जुन्या लाकडी होडीचा तळ कसा दुरुस्त करावा हे समजून घ्यायला म्हणूनच हा काठ सोयीचा आहे.

लाकूड पाण्याने कुजते, हा समज अर्धाच खरा. कायम पाण्याखाली असलेले लाकूड टिकते, कायम कोरडे असलेलेही टिकते. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. त्यामुळे नदीच्या पाण्यापेक्षा होडीत वरून पडून साचलेले पावसाचे पाणी जास्त घातक ठरते. ते कोपऱ्यांत, बरगड्यांच्या बुडाशी, खिळ्यांच्या भोकांत मुरते. समुद्रातल्या होडीला लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भीती असते, तशी गोड्या पाण्यात नसते. पण खारे पाणी बुरशीला थोडाफार आवर घालते, तो आधार नदीतल्या होडीला मिळत नाही.

कामाची सुरुवात होडी नीट टेकवण्यापासून होते. तळाच्या कण्याखाली सारख्या उंचीचे ओंडके ठेवून ती सावलीत बसवतात. टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली की कणा वाकला आहे का ते कळते, आणि असल्यास आधार कमी-जास्त करून तो हळूहळू सरळ आणतात. कडक उन्हात वाळवण्याची घाई केली तर फळ्या तडकतात. मग जुना रंग खरवडतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो जाळून काढू नये आणि खरवडताना नाका-तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, साधे फडके पुरत नाही.

उघड्या लाकडाची तपासणी दाभणाने होते. निरोगी सागात दाभण जेमतेम रुतते. कुजक्या जागी ते लोण्यात जावे तसे आत जाते आणि निघताना लाकडाचे आखूड, ठिसूळ तुकडे निघतात. मोगरीने ठोकून पाहिले तर चांगली फळी टणटणीत वाजते, सडलेली बद्द. खिळ्याभोवतीच्या काळ्या डागाकडे विशेष लक्ष द्यावे. होडीच्या बरगड्यांना मुळातच वाकडे वाढलेले बाभळीचे लाकूड सोयीचे पडते आणि सोलापूरकडे बाभळीला तोटा नाही. पण कातडी कमावायला लागणारे टॅनिन बाभळीत भरपूर असते. लोखंडाशी त्याचा संबंध आला की लाकूड काळे पडते आणि खिळाही झिजतो. डोके शाबूत दिसणारा खिळा आत सुईएवढा उरलेला असतो. असे खिळे बदलताना तांब्याचे घातले तर खर्च वाढतो, पण तो वाया जात नाही.

सडलेली फळी काढताना सगळ्या फळ्या एकदम उतरवण्याचा मोह टाळावा. होडीचा आकार फळ्या आणि बरगड्या मिळूनच धरून ठेवतात. म्हणून आधी पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे साचे कापून आकार उतरवून घेतात, मग एका बाजूची एक फळी आणि नंतर दुसऱ्या बाजूची एक, असे काम पुढे नेतात. फळीचा तुकडाच बदलायचा असेल तर जोड तिरका कापतात. फळी एक इंच जाडीची असेल, तर उतार निदान आठ इंच लांब हवा. बारा इंच असला तर आणखी चांगले. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे डिंक लावण्याआधी जोडाचे तोंड थिनरने पुसावे लागते. नाहीतर जोड उघडतो आणि दोष डिंकाला दिला जातो.

सगळ्यात नाजूक काम फटी भरण्याचे. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत मात्र फुगते. वाळलेली 20 सेंटीमीटर रुंदीची सागवानी फळी पूर्ण भिजली की तिचा कापा कसा आहे त्याप्रमाणे तीन ते सहा मिलिमीटर वाढू शकते. उन्हाळ्यात दिसणारी फट म्हणजे बिघाड नव्हे, ती फळीला फुगायला ठेवलेली जागा आहे. तिच्यात कापसाची सैल पिळलेली वात बोथट पटाशीने आणि मोगरीने ठासतात. वरून जवसाचे तेल, खडूची पूड आणि थोडा शेंदूर मळून केलेली लांबी भरतात. फट बाहेरून रुंद आणि आतून अरुंद असली तरच वात धरून राहते. ती वाजवीपेक्षा जोरात ठोकली, तर पाण्यात फुगणारी फळी स्वतःचेच खिळे उपटते. कठीण सिमेंट किंवा इपॉक्सीने फटी बुजवल्या तरी हाच प्रकार घडतो. जुन्या होडीवर बाहेरून फायबरचा थर चढवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दोन-तीन वर्षे तो छान दिसतो. मग हलणाऱ्या फळ्यांनी थर सुटतो, मधे पाणी अडकते आणि सड नजरेआड पसरते.

होडीला इंजिन लावायचे असेल तर मागची फळी आणि तिचे कोपरे आधी भक्कम करावे लागतात. वल्ह्याचा जोर सगळ्या होडीभर वाटला जातो, इंजिनाचा जोर आणि थरथर मात्र एकाच जागी बसते आणि तिथलेच सांधे आधी ढिले होतात. इंजिन बसवायचा जाड ठोकळा नुसता मागच्या फळीला न जोडता कण्याला आणि बरगड्यांना बांधलेला असावा.

नीट राखले तर साग किती टिकतो याचा दाखला मुंबईचाच आहे. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत 1817 साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडातल्या हार्टलपूल इथे 1990 नंतर दहाएक वर्षे खपून दुरुस्त करण्यात आली आणि आजही तिथे पाहायला मिळते. तिच्यात मूळचे सागवान बरेच शिल्लक आहे.

दुरुस्त केलेली होडी पाण्यात सोडली की पहिला दिवस ती गळतेच. त्यासाठी आदल्या दिवसांत तळावर ओले बारदान टाकून फळ्या आधीच फुगवून घेतात, किंवा होडी उथळ पाण्यात अर्धवट बुडवून ठेवतात. दोन-तीन दिवसांनी गळती थांबते. तेवढ्या अवधीत घाबरून नव्याने वात ठासू नये. त्यानंतरही एखादी फट गळत राहिली, तर होडी वर काढून तेवढीच फट पुन्हा भरतात. पुढे दर उन्हाळ्यात आत-बाहेर जवसाचे तेल, तळाला डांबर आणि होडी काठावर असताना वर सावली, एवढे पुरते. ताडपत्री घालायची तर दोन्ही टोके उघडी ठेवावीत, कारण बंद ताडपत्रीखाली कोंडलेला दमटपणा पावसाइतकेच नुकसान करतो.