कंद निरोगी, तरी टेस्ट पॉझिटिव्ह! यामच्या डीएनएत दडलेला विषाणू ओळखायचा कसा?

झाडाला विषाणूची लागण नाही, तरीही पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह येते. पश्चिम आफ्रिकेचे मुख्य अन्न असलेल्या याम या कंदाबाबत शास्त्रज्ञांपुढे हा पेच उभा राहिला. निदान चुकले तर चांगले बियाणे बाद होते, नाहीतर रोगट बियाणे शेतात जाते.

याम म्हणजे काय?

याम म्हणजे सुरण नव्हे. हा आपल्या कोनफळाचा भाऊबंद. जगातील सुमारे दोन तृतीयांश याम एकट्या नायजेरियात पिकतो. लागवड कंदाचे तुकडे लावून होते. त्यामुळे बेण्यात विषाणू असेल तर तो पुढच्या हंगामातही उतरतो. पिठ्या ढेकूणही त्याचा प्रसार करतो.

विषाणू डीएनएत शिरला कसा?

हे विषाणू ‘बॅडनाव्हायरस’ गटातले. फार पूर्वीच्या संसर्गात त्यांच्या डीएनएचे काही तुकडे यामच्या गुणसूत्रांत अपघाताने जोडले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकले. माणसाच्या जनुकसंचाचाही सुमारे ८ टक्के भाग असाच जुन्या विषाणूंकडून आला आहे. यामधले बरेच तुकडे मोडके आहेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून राहिलेल्या, न चालणाऱ्या कोडसारखे.

पीसीआर का फसते?

ही चाचणी डीएनएचा ठराविक क्रम शोधते. तो क्रम खऱ्या विषाणूतला आहे की झाडाच्या गुणसूत्रातला, हे तिला कळत नाही.

मग फरक कसा ओळखतात?

आकारावरून! विषाणूचा डीएनए वर्तुळाकार असतो. लांबी साधारण ७ ते ९ हजार अक्षरे. गुणसूत्रातला तुकडा मात्र लांबच लांब सरळ धाग्यात गुंतलेला असतो. ‘रोलिंग सर्कल अॅम्प्लिफिकेशन’ तंत्रात एक एन्झाइम वर्तुळावर पुन्हा पुन्हा फिरते. त्यामुळे मुख्यतः वर्तुळाकार डीएनएच्याच प्रती वाढतात. मग सिक्वेन्सिंग करून संपूर्ण विषाणू आहे का, हे तपासतात. ब्रिटनमधील ग्रीनिच विद्यापीठाच्या नॅचरल रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये याच मार्गाने यामधले ३ नवे बॅडनाव्हायरस शोधले.

जुना तुकडा म्हणून सोडून दिले तर?

ते धोक्याचे आहे. केळीत हे दिसले आहे. ‘मुसा बाल्बिसियाना’ या रानकेळीच्या जनुकसंचात बनाना स्ट्रीक विषाणू दडलेला असतो. तिच्यापासून तयार झालेल्या संकरित केळीत टिश्यू कल्चर किंवा इतर ताणामुळे तो जागा होतो आणि निरोगी रोप आजारी पडते.

शेतकऱ्याला काय फरक पडतो?

याम पिकवणारा शेतकरी खाण्याजोग्या पिकातलाच काही भाग बेण्यासाठी राखतो. सुधारित वाण एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचे तर ते विषाणूमुक्त असल्याची खात्री लागते. ‘पॉझिटिव्ह’चा खरा अर्थ कळला, तरच चांगले वाण प्रयोगशाळेत अडकत नाहीत आणि रोगट बेणे शेतात पोहोचत नाही.