दोन पिशव्या, एक वही

गेल्या पावसाळ्यात अंबडमधील एका घरून पहाटे बोलावणे आले. बहात्तर वर्षांचे आजोबा रात्री लघवीला उठले आणि चक्कर येऊन पडले होते. रक्तदाब बराच खाली गेला होता. उशाशी औषधांच्या दोन पिशव्या होत्या. एक नेहमीच्या औषधांची, दुसरी महिन्यापूर्वी रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेली. दोन्हींत रक्तदाबाची एकच गोळी, फक्त कंपनीची नावे निराळी! आजोबा दोन्ही इमानाने घेत होते. सुदैवाने हाड मोडले नाही.

चूक कोणाची? ज्याने त्याने आपले काम केले होते. पण एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

वाचकहो, आपल्या औद्योगिक वसाहतीत तरुणपणी आलेले कितीतरी कामगार आज सत्तरीत आहेत. या वयात दुखणे एकटे येत नाही. मधुमेह, मोतीबिंदू, गुडघेदुखी यांच्या जोडीला पैशाची ओढाताण आणि एकटेपणही येते. मदत मिळते, पण निरनिराळ्या खिडक्यांवर. किमान ५ वर्षे ई.एस.आय.चा विमा असलेल्या आणि वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी उपचार घेता येतात. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते; मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. ६५ वर्षांवरील गरजूंसाठी श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन असते. त्याची चौकशी तहसील कार्यालयात करावी. काहीच सुचेनासे झाले तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

या सर्वांची सांगड घालणारे माणूस घरातच हवे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) एक वही करावी. तीत आजार, न सोसणारी औषधे, गोळ्यांची मूळ नावे, वेळा आणि कार्डांचे क्रमांक लिहावेत.

२) वहीची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असावी. मुलगा पाळीवर असेल तर सून, लेक किंवा विश्वासू शेजारीही चालेल.

३) रुग्णालयातून घरी आल्यावर आठवड्याच्या आत जुनी-नवी सर्व औषधे नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवावीत. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

४) डॉक्टरांना घरची परिस्थितीही सांगावी. स्वयंपाक कोण करते, रात्री सोबत कोण असते, हे कळल्याशिवाय औषधयोजना नीट होत नाही.

त्या आजोबांच्या सूनबाईंनी नातवाची अर्धी कोरी वही घेतली. लिहिता लिहिता लक्षात आले की १२० रुपये कधी भरलेच नव्हते! आता आजोबा येतात ते ती वही बगलेत घेऊनच. मी आधी वही पाहतो, मग नाडी.