पाण्यात बुडणारा मासा

मासा पाण्यात बुडून मेला, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? मरळीच्या बाबतीत हे अगदी खरं आहे! लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरची रेणा नदी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. या सगळ्या खोऱ्यात, डोहात आणि तळ्यात मरळ राहते. डोकं चपटं, सापासारखं. अंग गोल आणि बुळबुळीत, तोंडात टोकदार दात. शेवाळात दबा धरून बसते आणि बेडूक किंवा छोटा मासा जवळ आला की झडप घालते.

इतर माशांसारखे तिलाही कल्ले असतात, पण तेवढ्यानं तिचं भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यातच, तिला हवा साठवायची एक पोकळी असते. तिच्या आतल्या घड्यांमध्ये रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मरळ वर येते, तोंडानं हवेचा घोट घेते आणि त्यातला प्राणवायू थेट रक्तात जातो. तिला वर येऊच दिलं नाही, तर ती गुदमरते.

ही सोय आपल्या मराठवाड्यात फार कामाची आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मे महिन्यातल्या आटत्या डबक्यात बाकीचे मासे तडफडतात, मरळ मात्र वरून हवा घेऊन तगते. डबकंही आटलं तर ती चिखलात रुतून बसते. अंग आणि ती पोकळी ओली राहिली की बास, पावसाची वाट पाहायला ती तयार! 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. असे उन्हाळे येणाऱ्या मुलखात मरळीसारखा चिवट मासा आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. बाजारातही ती टोपलीतल्या थोड्याशा पाण्यात जिवंत दिसते, ती याचमुळे.

पावसाळ्यात उथळ पाण्यातलं गवत बाजूला सारून मरळ घरटं करते. अंड्यांत तेलाचा थेंब असतो, म्हणून ती पाण्यावर तरंगतात. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, तांबूस, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून पोहणारी. खाली बाबा राखण करत असतात. बेडूक जवळ आला तर त्याची खैर नाही!

राखण संपली की मात्र भावंडांचंच भय. मोठं पिल्लू धाकट्याला गट्ट करतं, म्हणून मरळ पाळणारे शेतकरी पिल्लं आकाराप्रमाणे निवडून वेगवेगळ्या टाक्यांत सोडतात.