शाळेची वर्षं मोजताना

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या बचत गटातर्फे आज तुमच्याशी बोलतो आहोत. विषय आहे हिशेबाचा, पण पैशांच्या नाही, शाळेच्या वर्षांच्या.

आमच्या गटात एक नेपाळची मैत्रीण आहे. तिचा नवरा खालच्या सोसायटीत वॉचमन आहे. ती आम्हाला 'दिदी' म्हणते, आम्ही तिला 'बहिनी'. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. गेल्या वर्षी हप्ते गोळा करताना आमच्यातली एक जण तिला म्हणाली, "बरं झालं गं, पोरीला इकडे आणलंस. तुमच्याकडे कुठे एवढ्या शाळा!"

बहिनी म्हणाली, "दिदी, गावाकडे ती चौथी पास झाली. रोज शाळेत जायची. इथं आल्यापासून घरी बसलीये. शाळेत दाखला मागितला, तो गावाहून आलाच नाही."

आम्ही गप्पच झालो. पास झालेली पोर मुंबईत येऊन घरी बसली होती, आणि आम्हाला चार महिने पत्ता नव्हता.

मग आम्ही दोन्ही देशांचे आकडे शोधले. त्यात एक शब्द भेटला, 'शालेय शिक्षणाची अपेक्षित वर्षं'. म्हणजे आज शाळेत पाऊल टाकणारं मूल, परिस्थिती आजच्यासारखीच राहिली तर, किती वर्षं शाळेत काढेल याचा अंदाज.

तो कसा काढतात? समजा, वस्तीत सहा, सात, आठ, नऊ आणि दहा वर्षांच्या प्रत्येकी १० मुली आहेत. सहा आणि सात वर्षांच्या सगळ्या, म्हणजे १० आणि १०, शाळेत जातात. आठ आणि नऊ वर्षांच्या ९ आणि ९ जातात. दहा वर्षांच्या ८. बेरीज ४६. तिला १० ने भागलं की ४.६. म्हणजे पाच वर्षांच्या प्राथमिक शाळेतली ४.६ वर्षं एका मुलीच्या वाट्याला येतात. उरलेली वर्षं कुणाची बुडाली, ते दारोदार जाऊन शोधायचं.

तुलना करताना आधी प्राथमिक शाळा किती वर्षांची, ते बघायचं. भारतात आणि नेपाळमध्ये प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी, म्हणून दोघांचं माप सारखं. भूतानमध्ये मात्र ती सात वर्षांची असते. तिथला आकडा मोठा दिसला म्हणून लगेच हरखून जायचं नाही.

प्राथमिकच्या पुढचीही सगळी वर्षं धरून संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात २०२१ सालचे आकडे आहेत. अपेक्षित वर्षं भारतात ११.९, नेपाळमध्ये १२.९. नेपाळ एका वर्षाने पुढे! पण त्याच अहवालात २५ वर्षांवरची मोठी माणसं प्रत्यक्षात किती शिकली, तेही आहे. तिथे भारत ६.७ आणि नेपाळ ५.१. एक आकडा लेकरांचा, दुसरा आईबापांचा. बहिनीच्या पिढीला शाळा कमी मिळाली, तिच्या मुलीच्या पिढीला जास्त मिळते आहे. आपणही याच वाटेवर आहोत. आमच्यातल्या बऱ्याच जणींची शाळा चौथीला सुटली, कारण गावातली शाळाच चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी दुसऱ्या गावाला जायचं, आणि मुलीला एकटीला कोण पाठवणार?

या आकड्याच्या दोन खोडी मात्र लक्षात ठेवा. पहिली, एकाच वर्गात दोनदा बसलेलं मूलही त्यात धरलं जातं. मघाच्या हिशेबात अकरा वर्षांच्या दोन मुली पाचवीतच राहिल्या असत्या, तर ४.६ चे ४.८ झाले असते. वर्षं वाढली, इयत्ता वाढली नाही. दुसरी, हा हिशेब पटावरच्या नावांवरून होतो. नाव पटावर आणि पोर घरी धाकट्या भावाला सांभाळते आहे, तरी आकडा चांगलाच दिसतो.

आता बहिनीच्या मुलीचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला वयाला योग्य अशा वर्गात घ्यायचं आणि मागे पडलं असेल तर खास शिकवून बरोबरीला आणायचं. कलम ५ म्हणतं, दाखला आणायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही. ही तिन्ही कलमं अर्जात लिहून आम्ही पाच जणी बहिनीबरोबर शाळेत गेलो. अर्ज दिला, पोच घेतली. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दूसकट आठ माध्यमांत चालतात, पण त्यांत नेपाळी नाही. मुलीने हिंदी माध्यम घेतलं आणि पाचवीत बसली. बुडालेले चार महिने मात्र तिला कुणी भरून देणार नाही. ते आमच्या डोळ्यांदेखत गेले, याची टोचणी आहे.

म्हणून आता आमच्या मासिक बैठकीत हप्त्यांच्या वहीबरोबर आणखी एक वही उघडते. त्यात प्रत्येक घरासाठी तीन प्रश्न असतात. सहा ते चौदा वयाची मुलं किती? पटावर नाव आहे का? आणि काल शाळेत गेलं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी अडखळली, की बैठक संपल्यावर आम्ही तिच्या घरी चहाला जातो.

तुमच्या गटातही अशी वही सुरू करा. आणि गल्लीत नवं बिऱ्हाड आलं, मग ते लातूरचं असो की नेपाळचं, तर आधी पोरांच्या शाळेचं विचारा.