रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन : थोडक्यात

व्याख्या : एकच वेबपान मोबाइल, टॅब्लेट आणि संगणक या सगळ्यांच्या रुंदीनुसार आपली मांडणी बदलते. मोबाइलसाठी वेगळी साइट लागत नाही.

जनक : अमेरिकी डिझायनर इथन मार्कॉट. 2010च्या एप्रिलमध्ये सिअॅटलच्या ‘अॅन इव्हेंट अपार्ट’ परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. मे महिन्यात ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेबमासिकात त्यांचा लेख आला, तिथे तिला हे नाव मिळाले.

तीन आधार
• लवचीक चौकट : मापे पिक्सेलऐवजी टक्क्यांत. 960 पिक्सेलच्या पानातला 240 पिक्सेलचा रकाना म्हणजे 25 टक्के. सगळा हिशेब या एका भागाकारावर उभा आहे.
• लवचीक चित्रे : चित्र रकान्याबाहेर जात नाही.
• मीडिया क्वेरी : ‘रुंदी इतकी असेल तर हे नियम लावा’ अशी सीएसएसमधली (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतली) अट. 2012मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेची अधिकृत शिफारस.

गल्लत नको : ‘अॅडाप्टिव्ह’ पद्धतीत ठरावीक रुंदींसाठी वेगवेगळ्या पक्क्या मांडण्या असतात, ‘रिस्पॉन्सिव्ह’ पान मधल्या प्रत्येक रुंदीलाही जुळवून घेते.

पुढचे टप्पे
• 2017 : सीएसएस ग्रिड (ओळी-रकान्यांत मांडणीची सोय) क्रोम, फायरफॉक्स, सफारीत.
• 2023 : कंटेनर क्वेरी सर्व प्रमुख ब्राउझरांत. आता पडद्याऐवजी घटकाला मिळालेली जागा मोजता येते.

मराठी पानांसाठी : वेलांट्या, रफार आणि उकारांसाठी ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर ठेवा. पानाची भाषा ‘एमआर’ (mr, मराठीचा संकेत) अशी नोंदवा. तसे केले की सोय असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात.